बोल लॅपटॉपला, दोष भिंतीला

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत, मग ती रामबाग असो वा नारायणबाग, एक तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. पुढच्या खोलीत लॅपटॉप सुरळीत चालतो. तोच माजघरात नेला की चित्र थबकते आणि आवाज तुटतो. दूरदेशीच्या मुलाशी बोलताना नेमका महत्त्वाचा शब्द गळतो. परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या नातीच्या डोळ्यांदेखत मुदत टळते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा हजेरीला ज्याचा आवाज पोहोचला नाही तो मुलगा गैरहजर ठरे. प्रत्यक्षात तो आतल्या खोलीतून ‘हजर’ म्हणतच असे. अशा वेळी घरात बहुधा एकच निकाल लागतो, की लॅपटॉप जुना झाला. मग साठवलेल्या पैशांतून नवा येतो आणि तोही माजघरात तसाच अडखळतो!

विद्यार्थ्याला उत्तर आले नाही, तर त्याला मंद ठरविण्यापूर्वी प्रश्न त्याच्या कानांपर्यंत पोहोचला होता काय, हे शिक्षकाने पाहावयाचे असते. यंत्रालाही हाच न्याय लावावा.

माहितीच्या या वाटेचे तीन टप्पे आहेत: बाहेरून राउटरच्या पेटीपर्यंत येणारी तार, पेटीपासून लॅपटॉपपर्यंतची हवा आणि स्वतः लॅपटॉप. दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे घरच्या घरी ठरविता येते. प्रथम लॅपटॉप तारेने थेट पेटीला जोडावा आणि वेग मोजणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर वेग पाहावा. तारेची सोय नसल्यास पेटीपासून दोन पावलांवर बसावे. त्या वेळी घरातील इतर उपकरणे बंद असावीत. तेथेही वेग कमी भरला, तर शेजारी ठेवलेल्या मोबाईलवर तीच परीक्षा घ्यावी. दोन्ही मंद असतील, तर संशय पेटीवर व बाहेरच्या तारेवर. मोबाईल चपळ आणि लॅपटॉपच मंद असेल, तर दोष लॅपटॉपचा. पेटीजवळ दोन्ही उत्तम चालत असतील आणि माजघरात रखडत असतील, तर मधली हवा व भिंती तपासावयाच्या. पडद्यावरच्या पंख्यासारख्या रेघा केवळ पेटी व लॅपटॉप यांच्यातील लहरींचा जोर दाखवितात. बाहेरची तार मंद असली तरी त्या पूर्ण भरलेल्या दिसू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. वाय-फायच्या लहरीही त्याच कुळातील. त्या भिंत ओलांडतात खऱ्या, परंतु प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. कोरड्या लाकडातून या लहरी सहज जातात, जाड दगडविटांत मात्र क्षीण होतात. लोखंडी कपाट व मोठा आरसा त्यांना परतवून लावतात, तर पाण्याची टाकी त्यांना शोषून घेते. आणि आपण पेटी ठेवतो कोठे? तार जेथून आत येते त्या दाराजवळच्या कोनाड्यात, बहुधा कपाटामागे.

दुसरा अडथळा गोंगाटाचा. भारत सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि आज साऱ्या शेजारपाजारच्या पेट्या त्यातच बोलतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रायः तीनच: १, ६ आणि ११. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात गुणगुणते. म्हणून व्यत्यय ठराविक वेळीच येत असेल, तर त्या वेळी भट्टी चालू असते काय, हे पाहावे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी आणि वेग अधिक असतो. परंतु त्याची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची, म्हणजे पहिलीच्या निम्मी, आणि भिंतीपुढे ती लवकर थकते. जवळच्या खोलीत ५, दूरच्या खोलीत २.४, असा विवेक ठेवावा.

दोष लॅपटॉपचाच निघाला, तरी लगेच निराश होऊ नये. वीज वाचविण्याची योजना कधी बिनतारी यंत्रणेचा जोर कमी करते. कधी पडद्यामागे अद्ययावतीकरण चाललेले असते. कधी यंत्रणेचा ड्रायव्हर जुना असतो. हे तिन्ही विनाखर्च सुधारता येते. काही जुन्या लॅपटॉपांना केवळ २.४ चाच पट्टा कळतो; त्यांना स्वस्तातील छोटे यूएसबी वाय-फाय उपकरण जोडता येते.

हवेचा दोष असेल, तर पेटी घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्यावर आणावी. तेवढ्याने न भागल्यास माजघरापर्यंत तार नेऊन तेथे दुसरी पेटी बसवावी. तारेविना चालणारा साधा रिपीटर स्वस्त पडतो, पण एकाच हवेत त्याला ऐकावेही लागते आणि बोलावेही लागते, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो.

या साऱ्या परीक्षेला अर्धा तास आणि कागदाचा एक तुकडा पुरतो. प्रत्येक खोलीतील वेग त्यावर टिपून ठेवावा. तो कागद हाती असला, की तंत्रज्ञाशी नेमके बोलता येते आणि नव्या लॅपटॉपचा खर्च खरोखरच करावा लागेल काय, हेही दुकानाची पायरी चढण्यापूर्वी समजते.