कंपनीची मोटार की रोख भत्ता?

अधिकारपदावर बढती मिळाली किंवा नव्या कंपनीचे नेमणूकपत्र हाती आले, की त्यात बहुधा एक पर्याय दिलेला असतो. कंपनीची मोटार घ्या किंवा तिच्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम घ्या. उत्तर आठवड्याच्या आत द्यायचे असते आणि एकदा दिलेले उत्तर तीन-चार वर्षे बदलता येत नाही. मुंबई-पुण्याच्या सहकाऱ्याने काय घेतले हे विचारून निर्णय करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु सातारा आणि सांगली या शेजारच्या जिल्ह्यांतसुद्धा या प्रश्नाचे उत्तर एक येत नाही. राहते घर आणि कामाची जागा यांच्यातील अंतरावर ते मुख्यतः अवलंबून असते.

प्रथम करआकारणी समजून घेऊ. रोख भत्ता हा पगाराचाच भाग असून त्यावर आपल्या टप्प्याच्या दराने पूर्ण कर लागतो. कार्यालयीन कामासाठी प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च भागविण्यापुरता दिलेला भत्ता तेवढा यास अपवाद आहे. घर ते कार्यालय या प्रवासासाठी दरमहा १,६०० रुपयांपर्यंत मिळणारी सूट २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून सर्वसाधारण नोकरदारांसाठी बंद झाली.

कंपनीच्या मोटारीचे तसे नाही. मोटार कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली असेल आणि ती कामासाठी व घरगुती अशा दोन्ही कारणांसाठी वापरली जात असेल, तर तिच्यावरील प्रत्यक्ष खर्च कितीही असो, एक ठोक रक्कमच अनुलाभ, म्हणजे ‘पर्क्स’, म्हणून उत्पन्नात धरली जाते. १९६२ च्या आयकर नियमांनुसार २००९ पासून ही रक्कम १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी दरमहा १,८०० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये आणि चालक असल्यास आणखी ९०० रुपये अशी होती. त्याआधी, २००५ ते २००९ या काळात, फ्रिंज बेनिफिट टॅक्सच्या रूपाने हा बोजा कंपन्यांवरच होता. आयकर कायदा २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यामुळे पुढील वर्षांसाठी रक्कम नव्या नियमांतील घ्यावी. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. जुन्या कायद्यातील आणखी एक तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंपनीच्या वाहनाने घरून कामावर जाणे आणि परत येणे हा फुकट मिळालेला लाभ समजला जात नसे.

एकच प्रस्ताव, दोन गावे

आता आकडे मांडू. समजा, कंपनीने लहान इंजिनाची मोटार इंधनासह देऊ केली आहे किंवा तिच्याऐवजी दरमहा २५,००० रुपये. अधिकाऱ्याचे करपात्र उत्पन्न १६ ते २० लाखांच्या दरम्यान आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत या टप्प्यावर २० टक्के आणि उपकरासह २०.८ टक्के कर पडतो. म्हणजे २५,००० पैकी ५,२०० रुपये करात जातात आणि हाती १९,८०० रुपये येतात.

या पैशात त्याला स्वतःची मोटार बाळगायची आहे. आठ लाखांची मोटार पाच वर्षांनी चार लाखांना विकली, तर घट दरमहा सुमारे ६,६६७ रुपये होते. साडेसहा लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने पाच वर्षांत जाणारे व्याज सरासरी २,६६० रुपये, विमा २,५०० रुपये, दुरुस्ती व टायर २,००० रुपये. मोटार दारात उभी राहिली तरी होणारा हा खर्च १३,८२७ रुपये आहे. लिटरला १६ किलोमीटर आणि १०५ रुपये भाव धरल्यास इंधनाचे किलोमीटरला सुमारे साडेसहा रुपये वेगळे.

हा अधिकारी सांगलीत राहतो आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो, असे धरू. अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर. घरची फिरती धरूनही महिन्याला ५०० किलोमीटरच्या वर जात नाही. इंधनाचे ३,२८१ रुपये मिळवले तर एकूण खर्च १७,१०८ होतो आणि भत्त्यातून २,७०० रुपयांच्या आसपास उरतात. येथे भत्ता सरस ठरतो. घरात आधीच कर्ज फिटलेली मोटार असेल, तर प्रश्नच उरत नाही.

तोच अधिकारी साताऱ्यात राहून शिरवळच्या कारखान्यात जात असेल, तर चित्र उलटते. एका बाजूचे अंतर साठ किलोमीटरच्या घरात. बावीस दिवसांचे २,६४० किलोमीटर. इंधनच १७,३२५ रुपयांचे लागते. एकूण खर्च ३१,००० च्या वर जातो आणि दरमहा ११,००० हून अधिक रुपये पगारातून घालावे लागतात. आनेवाडीचा पथकर आणि खंबाटकीच्या घाटात जळणारे जादा इंधन यात धरलेलेच नाही. पाच वर्षांत दीड लाख किलोमीटर धावलेल्या मोटारीला चार लाख रुपये कोणी देणार नाही, हेही आहेच.

कंपनीची मोटार घेतली असती तर त्याच्या अंगावर पडला असता फक्त अनुलाभावरील कर. १,८०० रुपयांवर तो दरमहा ३७४ रुपये होतो. अनुलाभ ५,००० रुपये धरला तरी १,०४० रुपये. या उदाहरणात दोन्ही पर्याय महिना सुमारे ९७० किलोमीटरला एका पातळीवर येतात. प्रत्येकाने आपले आकडे घालून आपला टप्पा काढावा, कारण ३० टक्के कर भरणाऱ्यासाठी तो बराच खाली येतो.

फिरतीवरच्यांचा तिसरा मार्ग

बियाणे, खते, औषधे किंवा बँकिंग या क्षेत्रांतील अधिकाऱ्यांना माण-खटाव किंवा जत-आटपाडीसारख्या भागांत आठवड्याचे चार दिवस फिरावे लागते. त्यांनी ठोक भत्त्यावर समाधान मानू नये. मोटार स्वतःची ठेवून कार्यालयीन प्रवासाचा खर्च बिलांनुसार मागण्याचा मार्ग त्यांना खुला असतो. संपूर्णपणे कामासाठी झालेल्या खर्चाच्या भरपाईवर कर लागत नाही. मात्र त्यासाठी तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंदवही ठेवावी लागते आणि कंपनीचे प्रमाणपत्र असावे लागते. वापर मिश्र असेल, तर भरपाईतून नियमातील ठोक रक्कम वजा जाऊन उरलेल्या रकमेवर कर बसतो. नोंदवही नसेल, तर हा मार्ग बंद झाला असे समजावे.

सही करण्यापूर्वी

‘कंपनीची मोटार’ या शब्दांवर भुलू नये. अनेक ठिकाणी ती लीजवर घेतलेली असते आणि तिचे भाडे आपल्याच एकूण वार्षिक वेतनातून वळते होते. अशा वेळी मुदतीआधी नोकरी सोडल्यास उरलेले भाडे किंवा दंड कोणी भरायचा, हे लेखी विचारावे. कारखाना अडचणीत येणे किंवा बदली होणे या गोष्टी आपल्या भागाला अपरिचित नाहीत. दर वर्षी इंधनाला मर्यादा आहे का, सुटीत कुटुंबासह मोटार नेता येते का, घरातील दुसऱ्या व्यक्तीने ती चालवलेली चालते का, हेही विचारून घ्यावे.

विम्याचा मुद्दा सहसा सुटतो. स्वतःच्या मोटारीवर दावा न केल्यास ‘नो क्लेम बोनस’ वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. कंपनीच्या मोटारीवर तो आपल्या नावे जमत नाही. मालक-चालकासाठीचे वैयक्तिक अपघात संरक्षणही कंपनीच्या नावावरील मोटारीला लागू होत नाही. त्यामुळे घाटातून रोज जाणाऱ्याने अपघात विमा स्वतंत्र घ्यावा.

मुदतीअखेर मोटार स्वस्तात आपल्याला मिळेल, या आशेचाही हिशेब करावा. १९६२ च्या नियमांत कंपनीच्या मालकीच्या मोटारीची किंमत दर पूर्ण वर्षाला घटत्या शिलकीवर २० टक्क्यांनी कमी धरली जाते. दहा लाखांची मोटार तीन वर्षांनी ५ लाख १२ हजारांची ठरते. ती तीन लाखांना मिळाली, तर २ लाख १२ हजार रुपये आपल्या उत्पन्नात मिळवले जातात.

मुख्यालय बेंगळुरूला असल्यास मोटार कर्नाटकात नोंदवलेली असण्याचा संभव असतो. सांगली-मिरजेत अशा गाड्या नव्या नाहीत. परंतु बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात वाहन ठेवल्यास तेथे पुन्हा नोंदणी आणि कर आवश्यक होतो. तो खर्च कंपनीनेच करावा, असे करारात असणे हिताचे.

भत्त्याच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आल्याने स्वतःची मोटार घेणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. परंतु मोटारीच्या कर्जाचा हप्ता सुरू असताना गृहकर्ज मागितले, तर बँक तेवढी पात्रता कमी करते. येत्या दोन वर्षांत घर घ्यायचे असेल, तर हा मुद्दा महिन्याच्या दोन-तीन हजारांच्या बचतीपेक्षा मोठा ठरतो.

तेव्हा उत्तर देण्यापूर्वी एक महिना, ते शक्य नसेल तर निदान एक आठवडा, आपण किती किलोमीटर फिरतो ते लिहून काढावे. त्या आकड्याशेजारी आपला कराचा टप्पा आणि या नोकरीत किती वर्षे राहण्याचा विचार आहे ते मांडावे. अंतर कमी आणि नोकरी बदलण्याची शक्यता अधिक असेल, तर भत्ता घ्यावा. अंतर मोठे, कराचा टप्पा वरचा आणि नोकरी स्थिर असेल, तर मोटारीची किल्ली घ्यावी.