नकाशावर पंचवीस मिनिटे, घड्याळात पाऊण तास

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून नांदेडचा विमानतळ सरळ रेषेत साधारण 215 किलोमीटरवर आहे. ही रेषा जालना जिल्ह्यावरून, परतूरच्या जवळून जाते. आकडा कळला की लगेच हिशेब मांडला जातो: छोटे एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरने जाते, म्हणजे पंचवीस-सव्वीस मिनिटांत नांदेड!

भागाकार बरोबर आहे, पण विमान तसे उडत नाही. 500 हा उंची गाठल्यानंतरचा वेग. चढताना तो बराच कमी असतो आणि धावपट्टीजवळ येताना दोनशे-सव्वादोनशेवर उतरतो. एवढ्या छोट्या मार्गावर बहुतेक अंतर चढण्या-उतरण्यातच सरते. शिवाय विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की नांदेडला निघालेले विमान आधी मुंबईच्या दिशेने झेपावते, मग वळते. नांदेडलाही तेच: गावापुढे जाऊन मागे वळायचे आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरायचे. वेळापत्रकातली वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभे राहीपर्यंतची असते. म्हणून पाऊण तास धरणेच योग्य.

पटत नसेल तर मुंबईचे विमान बघा. सरळ अंतर सुमारे 280 किलोमीटर, जेटचा वेग ताशी 800; हिशेबाने एकवीस मिनिटे. वेळापत्रकात मात्र तासाहून अधिक वेळ लावलेली असते.

जाण्यायेण्याची वेळ सारखीच, हाही एक समज. वरच्या हवेत ताशी 50 किलोमीटरचा पश्चिमवारा असेल तर नांदेडला जाताना आणि परतताना चारपाच मिनिटांचा फरक पडतो. आणि चिकलठाणा-नांदेड अंतर कुठे 116 मैल असे वाचले, तर ते सागरी मैल आहेत. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, साधा मैल समजून गुणले तर अंतर 187 किलोमीटरच भरते.

दोन विमानतळ आहेत म्हणून त्यांच्यात रोजचे विमान असेलच, असेही नाही. अंतर कोणत्याही दोन ठिकाणांचे काढता येते. फेरी प्रवाशांवर ठरते.

जालनेकरासाठी खरा प्रश्न घरापासून घरापर्यंतचा आहे. चिकलठाणा जालना रोडवरच असल्याने शहर ओलांडावे लागत नाही, ही मोठी सोय. तरी पोहोचायला तास, तपासणीसाठी आणखी तास, मग उड्डाण, मग नांदेडात सामान घेऊन बाहेर पडणे. रेल्वे जालन्याहून अडीच-तीन तासांत नांदेडला नेते. परतूरच्या माणसाचे तर आणखी अवघड: त्याने आधी पश्चिमेला चिकलठाण्यापर्यंत जायचे आणि मग विमानात बसून आपल्याच गावाच्या डोक्यावरून नांदेड गाठायचे.