खांदा सारखा निखळतोय? अंगावर काढू नका!

'माझा खांदा असाच निघतो रे, मीच बसवतो परत!' असं कॉलर ताठ करून सांगणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. कबड्डीत कुणी हात ओढला, दहीहंडीच्या थरावरून पडला किंवा डोंबिवली फास्टमध्ये वरची कडी धरलेली असताना जोरात हिसका बसला, की झालं! पण यात फुशारकी मारण्यासारखं काहीच नाही.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. बशीच्या काठाला लॅब्रम नावाची कूर्चेची कड असते. चेंडू पुढे निसटला, की बहुतेकदा ही कड फाटते. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३मध्ये या दुखापतीचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. फाटलेली कड जागच्या जागी जुळली नाही, तर पुढे झोपेत कूस बदलतानाही खांदा निघू शकतो. विशीच्या आत पहिल्यांदा निखळला असेल, तर हा धोका जास्त.

इथे उपयोगी पडते ती दुर्बिणीची, म्हणजेच की-होल सर्जरी. दोन-तीन छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत जातात. हाडात बारीक अँकर बसवून त्यांच्या धाग्यांनी कड पुन्हा शिवली जाते. मात्र दरवेळी खांदा निखळताना हाडही झिजतं. ते फार झिजलं, तर नुसती शिलाई पुरत नाही, हाडाचा तुकडा बसवावा लागतो. म्हणून उशीर महागात पडतो.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग फिजिओथेरपी. कबड्डीसारख्या खेळात उतरायला सहाएक महिने लागतात. पोलीस भरतीच्या गोळाफेकीची तयारी करणाऱ्यांनी हे गणित आधीच मांडावं.

मुंबईकर श्रेयस अय्यर आठवतोय? २३ मार्च २०२१ला गहुंजेत इंग्लंडविरुद्ध फिल्डिंग करताना त्याचा डावा खांदा निखळला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, सप्टेंबरमध्ये तो मैदानात परतला आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणातच त्याने शतक ठोकलं!

तेव्हा खांदा निखळला, तर मित्रांना ओढू देऊ नका. नस दुखावू शकते. हात झोळीत बांधा आणि थेट हॉस्पिटल गाठा. दुसऱ्यांदा निखळला, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा, 'एमआरआय करायचा का?'