अधिशयन काळ म्हणजे काय?

२६ जुलै २००५ रोजी दहिसर नदीचे पाणी काठच्या वस्तीत शिरले. पूर ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून या रोगाचे जंतू पाण्यात मिसळतात व पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंतच्या अवधीस ‘अधिशयन काळ’ म्हणतात; या रोगात तो बहुधा ५ ते १४ दिवसांचा असतो. चिखलणी आटोपून आठवडा लोटल्यावर आलेला ताप म्हणूनच साधा समजला जातो, आणि घात तेथेच होतो. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची ‘लक्षणे’ होत. कावीळ दिसेपर्यंत थांबू नये. गावच्या कार्यकर्त्याने रोग्यास त्याच दिवशी दवाखान्यात पोचवावे व तो भातखाचरात उतरला होता हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.