काळ्या कोटातल्या दोघी

खान्देशात वकिलीतून राजकारणात जाणारी वाट चांगली मळलेली आहे. तालुक्याच्या कोर्टात रोज बांधाचे वाद येतात, भाऊबंदकी येते, नांदायला न गेलेल्या सुनेचा दावा येतो. दहा वर्षे हे ऐकणाऱ्या वकिलाला गावागावातली घरे ठाऊक होतात आणि निवडणूक लागली की त्या ओळखी कामी येतात. या वाटेने सर्वांत दूर गेल्या त्या प्रतिभाताई पाटील.

19 डिसेंबर 1934 रोजी बोदवड तालुक्यातल्या नाडगावात त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव वकील. मूळजी जेठा महाविद्यालयातले शिक्षण, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी आणि मग जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली. 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावातून आमदार झाल्या. त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले, तेव्हा जळगावात त्यांनी महिलांचे होमगार्ड पथक उभे केले. 1967 पासून 1985 पर्यंत एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना विधानसभेत पाठवले. मंत्रिपदे, विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचे उपसभापतिपद, अमरावतीची खासदारकी, राजस्थानचे राज्यपालपद आणि 25 जुलै 2007 रोजी राष्ट्रपतिपद. नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहे त्यांनी उभी केली. त्यांनी पुढाकार घेऊन काढलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना 2003 साली रद्द झाला, हेही या चरित्रात नोंदवलेच पाहिजे.

न्यायाधीशाच्या खुर्चीत मात्र त्या कधी बसल्या नाहीत. राष्ट्रपती म्हणून दयेचे अर्ज त्यांच्यापुढे आले आणि अनेक फाशींची त्यांनी जन्मठेप केली. एका वकील बाईच्या हाती याहून जड कागद कुठला येणार? पण घरातल्या भांडणाचा निवाडा करण्याची जागा वेगळी, आणि आपल्याकडे पक्षाच्या व्यासपीठावरून त्या जागेकडे जाणारा रस्ता जवळपास बंद आहे. अपवाद आहेत. नारायण गणेश चंदावरकर 1900 साली लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. केरळचे मंत्री राहिलेले कृष्ण अय्यर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. पण ही वरच्या न्यायालयांची उदाहरणे. कुटुंब न्यायालयाच्या न्यायाधीशाने कुठल्याही पक्षाचे असू नये, असेच आपण मानतो आणि ते योग्यच आहे.

अमेरिकेत हा रस्ता उघडा आहे. न्यूयॉर्क राज्यात शहराबाहेरचे कुटुंब न्यायाधीश मतदार निवडून देतात, शहरातले महापौर नेमतो आणि मुदत दोन्हीकडे दहा वर्षांची. या व्यवस्थेने एक मोठी न्यायाधीश दिली. जेन बोलिन. 1908 साली पकिप्सी या गावी जन्मलेली, प्रतिभाताईंसारखीच वकिलाची लेक. येल विद्यापीठातून 1931 साली कायद्याची पदवी घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. 1936 मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून ती राज्याच्या विधिमंडळासाठी उभी राहिली आणि पडली. पुढच्या वर्षी शहराच्या विधी विभागात तिला नोकरी मिळाली. 22 जुलै 1939 रोजी महापौर ला गार्डियांनी तिला कौटुंबिक न्यायालयाची न्यायाधीश नेमले. वय 31. अमेरिकेतली ती पहिली कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश.

निवडणूक हरलेल्या या बाईने पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्या खुर्चीवर काढली. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या वर्णाप्रमाणे वाटून दिले जात, ते तिने थांबवले. सरकारी पैसा घेणाऱ्या खासगी बालगृहांना वर्णाकडे न पाहता मुले घेणे भाग पाडले. समोर आलेले पोर बिचकू नये म्हणून न्यायासनावर बसताना ती न्यायाधीशाचा झगा घालत नसे. मला तिच्या सगळ्या कारकिर्दीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आईबापांच्या भांडणात मधे उभे राहिलेल्या मुलाला आधी दिसतो तो पोशाख, कायदा त्याला नंतर कळतो. सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे तिला निवृत्त व्हावे लागले, ते साल 1978.

आपल्याकडे अशा न्यायालयाचा कायदा यायला 1984 उजाडले. त्याआधी दहा वर्षे, 1974 मध्ये, विधी आयोगाने बजावले होते की घरातले वाद नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखे चालवू नका. स्त्री संघटनांनी रेटा लावला, संसदेने कायदा केला आणि 1989 पासून पुणे-मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. कायदा वाचताना त्यामागची माया जाणवते. पहिले कर्तव्य समेटाचा प्रयत्न करण्याचे. त्यासाठी समुपदेशक. पुराव्याच्या कायद्याची बंधने सैल. कुणी एकाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यायची. आणि वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. न्यायाधीश होण्यासाठी सात वर्षे न्यायिक पद किंवा सात वर्षे उच्च न्यायालयातली वकिली लागते, आणि नेमणुकीत स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे कलम 4 सांगते.

आता पारोळ्याकडे या. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात कुटुंब न्यायालय असलेच पाहिजे, इतरत्र सरकारला गरज वाटेल तिथे, असे कायदा म्हणतो. म्हणजे धुळे-जळगाव रस्त्यावरच्या या किल्ल्याच्या गावाला कायद्याने ते मागता येत नाही. कुटुंब न्यायालयाची हद्द अधिसूचनेने ठरते. हद्दीबाहेरच्या बाईचा पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो, त्याच बोर्डावर जिथे हाणामारीचे आणि चेक न वटल्याचे खटले असतात. फारकतीचा दावा दिवाणी न्यायालयात. समुपदेशक नाही, मुलांची खोली नाही. पुकारा झाला की भरल्या कोर्टात उभे राहून नवऱ्याने काय केले ते सांगायचे.

तिथे एक ठरलेला प्रसंग घडतो. नवरा सांगतो, मला उत्पन्न नाही. कपाशीचे शेत आहे, पण सातबारा वडिलांच्या नावावर. ट्रॅक्टर भावाचा. बाईजवळ दाखवायला लग्नाच्या फोटोशिवाय काही नसते. म्हणूनच 4 नोव्हेंबर 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खेड्यातल्या बाईसाठी मोलाचा आहे. मालमत्ता, शेतीचे उत्पन्न, कर्ज, खाती, सगळे दोघांनीही प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. खोटे लिहिले तर कारवाई. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदा 2001 पासूनच सांगतो. प्रत्यक्षात समन्स बजावून परत येण्यातच त्यातले बरेच दिवस जातात.

इथे राजकारणात गेलेल्या वकिलांकडून माझी अपेक्षा आहे. त्यांनी बार रूममध्ये बसून हे सगळे पाहिलेले असते. विधानसभेत रस्ते आणि धरणे मागताना तालुक्याच्या कोर्टासाठी एक समुपदेशक आणि एक बंद दाराची खोली मागायला त्यांना कुणी अडवलेले नाही. कुटुंब न्यायालयाची हद्द वाढवणे हे तर थेट राज्य सरकारच्या हातात आहे. आणि वकिली करणाऱ्या आपल्या लेकींनी सात वर्षे झाली की खुर्चीचा अर्ज भरावा. कायद्याने प्राधान्य देऊन ठेवले आहे, ते वाया घालवू नये.

ते होईल तेव्हा होईल. तोवर माहेरी परतलेल्या बाईने आणि तिच्या भावाने एवढे ध्यानात ठेवावे. 2003 च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याखाली पत्नी ती राहते तिथल्या न्यायालयात दावा लावू शकते, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.