तंजावरच्या चिखलात जुना ट्रॅक्टर आणि पुढचा लोडर

मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रघाताप्रमाणे 12 जूनला उघडले, की कावेरीकाठी कुरुवै भाताची लगबग सुरू होते; आणि तत्पूर्वी शेणखताचे ढीग उपसण्यासाठी जुन्या ट्रॅक्टरच्या पुढे लोडर चढवण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांत अस्मादिकही असल्याने हा प्रपंच.

मुळात हे जुने ट्रॅक्टर मागून नांगर ओढण्यासाठी निर्मिलेले. सबब त्यांचा पुढचा आस बेताचा, आणि तो मध्यभागी एकाच खिळीवर, जिला मिस्त्री सेंटर पिन म्हणतात, डोलणारा. अमेरिकेत 1924 साली निघालेल्या फार्मॉल ट्रॅक्टरची पुढची चाके तर परस्परांना इतकी खेटून, की लोडरची उचललेली बादली जरा कलली तरी यंत्र लवंडण्याची धास्ती. भरल्या बादलीने मागची चाके हलकी होतात. आणि ब्रेक असतात केवळ मागच्याच चाकांना, हे बांधाच्या उतारावर उमगणे फारच महाग पडते.

उपाय जुनाच: मागच्या टायरांत सुमारे 75 टक्के पाणी, मागच्या लिंकेजला काँक्रीटचा ठोकळा, आणि चालताना बादली जमिनीपासून वीतभर उंच, त्याहून वर मुळीच नाही. लोडर बसवण्याआधी मी पुढचा आस जॅकवर उचलून चाकाखाली पहार घालून हलवून पाहतो. खिळीत किंचित ‘खट्’ वाजले, की काम तिथेच तहकूब, आणि आधी तिची बुश बदलायची.