अंतरपाट दूर होतो तेव्हा कॅमेरे किती हवेत?

शेवटचं मंगलाष्टक संपत येतं. अक्षतांच्या मुठी वर जातात, ‘वाजवा रे वाजवा’ असा पुकारा होतो आणि अंतरपाट दूर होतो. पुढच्या पाच-सात सेकंदांत नवरी मान वर करते, नवरा तिच्याकडे बघतो आणि मागे उभ्या असलेल्या मामाचे डोळे भरून येतात. मुलीची आई तर अनेक घरांत या वेळी मांडवात नसतेच, ती तुळशीला पाणी घालत असते. एका कॅमेऱ्याला यातलं एकच काहीतरी मिळतं. ‘पुन्हा एकदा करा’ असं म्हणायची सोय इथे नसते.

शूटिंगचं काम प्रॉडक्शन कंपनीला द्यायचं की एकट्याने काम करणाऱ्या व्हिडिओग्राफरला, याचा निर्णय खरं तर या पाच-सात सेकंदांवरून घ्यायला हवा. प्रत्यक्षात तो भावावरून, नावावरून किंवा मोबाइलवर पाहिलेल्या दोन मिनिटांच्या ट्रेलरवरून होतो. शिवाय त्यामागे काही पक्के गैरसमज असतात.

पहिला गैरसमज नावाचा. पाटीवर ‘प्रॉडक्शन्स’ किंवा ‘फिल्म्स’ लिहिलं असलं की मागे ऑफिस, एडिटिंगची खोली आणि दहा माणसं असणार, असं लोक धरून चालतात. हे शब्द कोणीही लावू शकतो. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘एलएलपी’ लिहायला मात्र नोंदणी लागते. आणि 2013च्या कंपनी कायद्याने तर एकाच सभासदाची कंपनी काढायलाही परवानगी दिली आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट या धंद्यातले सगळे जाणतात, पण ग्राहकाला ती क्वचितच कळते. दाट मुहूर्ताच्या दिवशी कंपनीकडची माणसं अपुरी पडतात आणि ती बाहेरून बोलावली जातात. म्हणजे ज्या फ्रीलान्सरला ग्राहकाने ‘एकटाच आहे’ म्हणून नाकारलं, तोच कंपनीचा टी-शर्ट घालून मांडवात उभा राहू शकतो. यात फसवणूक नाही, कामाची ती पद्धतच आहे. पण प्रत्यक्ष कोण येणार, हे आधी विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे आणि त्याने तो वापरावा.

याच्या उलट गैरसमज असा, की एकटा माणूस म्हणजे हौशी काम. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट इथे आठवावी. 1912मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. हे एका माणसाने, एका कॅमेऱ्यावर, घरच्या घरी केलेलं काम होतं. रोप पळून जाणार नव्हतं. पण ‘राजा हरिश्चंद्र’ करायची वेळ आली तेव्हा कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंतचा भार फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी उचलला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेला तो चित्रपट एकट्याचा नव्हता. माणूस तोच होता. काम बदललं तशी माणसांची संख्या बदलली.

आजही हिशेब तोच आहे. कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्या कारागिरावर दहा मिनिटांची फिल्म करायची असेल, तर एकटा जाणकार व्हिडिओग्राफर पुरतो, बहुतेक वेळा तोच बरा. कातडं कापणं, वेणी गुंफणं, टाके घालणं दिवसभर पुन्हा पुन्हा होत असतं. सकाळी एक कोन चुकला तर दुपारी घेता येतो. आजोबांच्या आठवणी चित्रित करायच्या असतील तर पाच जणांचा ताफा आणि डोळ्यांवर येणारे दिवे बघून आजोबा गप्प होतात. एकटा माणूस आधी चहा पितो, गप्पा मारतो आणि मग हळूच कॅमेरा सुरू करतो.

तिसरा गैरसमज कॅमेऱ्याचा. ‘फोर-के आहे ना?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. फोर-के चित्रात फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात, हे खरं आहे. पण सेकंदाला 100 मेगाबिट या वेगाने केलेल्या चित्रीकरणाचा एक तास 45 जीबी जागा खातो. हा डेटा त्याच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवला जातो का, कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो का, हे विचारणारे ग्राहक फार थोडे. कार्ड खराब झालं तर लग्न पुन्हा लागत नाही. फोटोसाठी बनवलेले कितीतरी जुने कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. तासाभराच्या व्याख्यानात नेमका त्याच क्षणी व्हिडिओग्राफर दुसऱ्या कोपऱ्यात असेल, तर वक्त्याचं वाक्य गेलंच. ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं तेही बहुतेकदा कॅमेऱ्याच्या किमतीमुळे नसतं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. शटर त्याच्याशी जुळवून घेणं हे माणसाचं ज्ञान आहे.

यंत्रापेक्षा माणूस मोलाचा, हे मालेगावातही दिसतं. तिथल्या शेख नासिर यांनी यंत्रमाग चालवणाऱ्या दोस्तांना घेऊन ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट केला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तो सगळा खटाटोप दिसतो. सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉलीचं काम होतं आणि एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. कल्पकतेत ही मंडळी कोणत्याही कंपनीला ऐकणार नाहीत. पण ते शूटिंग थांबवू शकत होते, नंतर पुन्हा सुरू करू शकत होते. मुहूर्त थांबत नाही. म्हणूनच एकट्याला काम देताना दुसरा कॅमेरा सोबत आहे का आणि तो माणूस आजारी पडला तर कोण येणार, हे दोन प्रश्न टाळू नयेत.

पैशांबाबतही दोन्ही बाजूंनी घोळ होतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सहसा त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे एकट्याच्या बिलावर अनेकदा कर नसतो, कंपनीच्या बिलावर 18 टक्के असतो. लग्नघराला तो फरक खिशातूनच सोसावा लागतो. जीएसटी भरणाऱ्या उद्योजकाला मात्र त्याची वजावट मिळू शकते, म्हणून त्याने दोन कोटेशनांची तुलना कर वगळून करावी. एडिटिंग, दुरुस्तीच्या फेऱ्या, प्रवास, हार्ड डिस्क आणि दुसऱ्या दिवसाचा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे की नाही, हेही बघावं. स्वस्त वाटलेलं काम इथेच महाग पडतं.

हक्कांबद्दलची समजूत तर पुष्कळदा साफ उलटी असते. ‘ज्याने शूट केलं, हक्क त्याचा’ असं मानलं जातं. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं, की मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फिल्म बनवली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ती बनवून घेणारा असतो. ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द मोलाचे आहेत. कंपन्यांच्या छापील करारात नेमकं उलट कलम असू शकतं, म्हणून तो पूर्ण वाचावा. एकट्याशी बहुधा काही लिहिलंच जात नाही, म्हणून कच्चं फुटेज मिळणार का, किती दिवस जपून ठेवणार, हे लेखी घ्यावं.

ड्रोनचंही तसंच. ‘छोटा आहे, परवानगी लागत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. विमानतळाजवळच्या भागांवर वेगळी बंधनं आहेत आणि मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. हे नियम कंपनीलाही लागू आहेत आणि एकट्यालाही.

मग कोणाला बोलवावं? एकदाच घडणारं, दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी चालणारं काम असेल, तर टीमच हवी, मग ती कंपनीची असो किंवा एका फ्रीलान्सरने जमवलेली. सावकाश, पुन्हा घेता येणारं, माणसाला बोलतं करायचं काम असेल तर चांगला एकटा व्हिडिओग्राफर शोधावा. दोघांकडेही ट्रेलर मागू नये. आधी केलेली एक फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाज सुरू ठेवून बघावी. आणि बयाणा देण्याआधी त्या दिवशी कॅमेरा कोणाच्या हातात असणार, त्या माणसाचं नाव कागदावर लिहून घ्यावं.